कुंकू न लागलेला फर्मा

एकोणीस ऑक्टोबर, खंडेनवमी. त्या दिवशीचं काम असं होतं: तीन जहाजं जोडायची, सरस वाळेपर्यंत त्यांना हलू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला टेंपो निघायच्या आत ती बाकीच्या नऊ जहाजांबरोबर गवतात गुंडाळून खोक्यांत भरायची. बाराच्या बारा जहाजं औरंगाबादच्या प्रदर्शनात एका रांगेत उभी राहायची होती. एकही कमी चालणार नव्हतं, कारण बारा असतील असं आमच्या अधीक्षकांनी लिहून दिलं होतं, आणि त्यांनी लिहून दिलेली गोष्ट खरी करणं हे केंद्रातल्या आम्हा बायकांचं काम होतं.

परभणीत जहाजं कशाला, हा प्रश्न पडला सगळ्यांना. विचारला कुणी नाही. महिलांसाठी लाकूडकामाचं प्रशिक्षण अशी एक योजना वरून आली होती. तिच्याबरोबर प्लायवूडचे गठ्ठे आले, सागाच्या पातळ पट्ट्या आल्या, आणि शिडाच्या जहाजांची चित्रं असलेली एक इंग्रजी पुस्तिका आली. योजना मुळात समुद्रकाठच्या एखाद्या जिल्ह्याची असणार हे उघड होतं. पण आमचे अधीक्षक मुळेसाहेब अनुभवी होते. चुकून आलेली गोष्ट परत पाठवली की बरोबर गोष्ट येत नाही, नुसती खुलासा मागणारी पत्रं येतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यामुळे जिथं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गोदावरीचा पूर, आणि तोही सोनपेठकडच्या लोकांनी पाहिलेला, अशा जागी आम्ही दहा-बारा जणी शोभेची जहाजं करायला शिकू लागलो. समुद्र कुणीच पाहिला नव्हता. शिकवणाऱ्यांनीही नाही.

शिकवायला किशनराव मिस्त्री होते. साठीकडे झुकलेले, जन्म बैलगाड्या करण्यात गेलेला, हात सोन्यासारखा. आम्ही त्यांना मिस्त्रीमामा म्हणायचो. पुस्तिकेतलं पहिलं चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. त्यात एका फळीवर जहाजाच्या बरगड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावरून एक लांब कणा गेला होता. मामा म्हणाले, "हात्तिच्या! ही तर छकड्याची साटी उलटी घातली की." साटी म्हणजे बैलगाडीचा सांगाडा. मग त्यांनी ती फळी म्हणजे जहाजाची जमीन धरली, बरगड्या तिच्यावर कायमच्या ठोकल्या, वरून पट्ट्या चढवल्या आणि अगदी माथ्यावर, कण्याला भोक पाडून, डोलकाठी उभी केली. आमचं पहिलं जहाज असं पालथं जन्माला आलं. मुळेसाहेबांनी ते टेबलावर ठेवलं. पंधरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवलं. मुंबईहून तपासणीला आलेल्या एका साहेबांनीसुद्धा ते फिरवून फिरवून पाहिलं आणि "छान, वेगळं आहे" असा शेरा मारला. पुस्तिकेचं पुढचं पान उलटल्यावर खरा प्रकार कळला. ते उलटायला महिना लागला, कारण पुस्तिका साहेबांच्या कपाटात कुलपात असायची.

पुढच्या पानावर जहाज सुलटं झालं होतं आणि फळी गायब होती. ती फळी जहाजाची नव्हतीच. तो फर्मा होता. त्याच्यावर जहाज पालथं ठेवून बांधायचं आणि झालं की काढून घ्यायचं. सामानाच्या यादीत त्याचं नाव होतं, खोकं मात्र आलं नव्हतं. ते बहुधा योग्य जिल्ह्यात पोचलं असावं.

आम्ही पिंगळीला राहायचो, स्टेशनजवळ, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. बाबा गँगमन होते. क्वार्टर रुळांच्या इतकं जवळ की गाडी आली की मांडणीवरची भांडी बोलू लागायची. पॅसेंजर असली तर नुसते चमचे, मालगाडी असली तर पितळी डब्याचं झाकणसुद्धा. आईला घड्याळ लागत नव्हतं. दुपारच्या मालगाडीनं झाकण वाजवलं की ती चूल पेटवायची. मालगाडी कुठं अडकली की आमचं जेवणही अडकायचं, आणि बाबा म्हणायचे, "अगं, ती गाडी हाय, सासू न्हाई. ती यायच्या आधी भाकरी टाकली तर कोण रागावणार हाय?" आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. भाकरी ज्वारीची, बरोबर अंबाडीची भाजी नाहीतर कारळाची चटणी. आजही मी जेवताना घड्याळाकडे बघते आणि मुलं हसतात. त्यांना वाटतं मला मधुमेहाची गोळी घ्यायची आहे.

भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली कोनाड्यात बाबांचं सामान. त्यात एक लोखंडी दांडी होती. तिला गेज म्हणायचे. दोन रुळांमधलं अंतर बरोबर आहे का ते बघायची ती दांडी. लहान असताना मी बाबांना विचारलं होतं की यावर आकडे का नाहीत. ते म्हणाले, "आकडे कशाला? मोजत बसलो तर एका मैलाला वरीस जाईल. हे टाकायचं. बसलं तर बसलं, न्हाई बसलं तर रूळ ठोकायचा." मला मॅट्रिकपर्यंत गणिताच्या कुठल्याच बाईंनी इतकी उपयोगाची गोष्ट सांगितली नाही.

सकाळच्या पॅसेंजरनं मी परभणीला यायची, म्हणून केंद्रात सगळ्यांच्या आधी पोचायची, म्हणून कामाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. किल्ली आली म्हणून झाडणंही आलं. मामांची सगळी हत्यारं एका गोणपाटात असायची. पटाशी हवी असली की गोणपाट ओतायचं, त्यातून कानस निघायची, गिरमिट निघायचं, कधी अर्धी सुपारी निघायची, आणि पटाशी शेवटी. शिकणाऱ्या दहाजणी आणि गोणपाट एक. अर्धा दिवस शोधण्यात जायचा. पावसाळ्यात एकदा मामा चार दिवस गावी गेले, तेव्हा मी भिंतीला जुन्या दाराची फळी ठोकली, खिळे मारले, प्रत्येक हत्यार लटकवून त्याच्या कडेनं काळ्या रंगाची रेघ ओढली. हत्यार काढलं की भिंतीवर त्याची आकृती उरायची आणि काय गहाळ आहे ते दारातून दिसायचं. पट्ट्या लांबीप्रमाणे डालड्याच्या डब्यांत उभ्या केल्या. पॉलिश कागदाचे तुकडे खरखरीतपणाप्रमाणे तारेवर वाळत घातले. मामा परतले, दारात थांबले आणि म्हणाले, "हे काय, भुताटकी केलीस का गं? माझी हत्यारं फासावर दिलीस." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पटाशी न शोधता काढली, आणि नंतर दुपारभर माझ्याकडे बघायचं टाळलं.

एक हत्यार मात्र भिंतीवर आलं नाही. मामांचा लाकूड तासायचा वाकस, त्यांच्या वडिलांचा. तो त्यांच्याजवळच असायचा आणि त्याला मी हात लावायचा नाही, असं न बोलता ठरलं होतं. "बायकांनी वाकस धरू न्हाई," असं ते म्हणायचे. मंगल मात्र त्यावर सुपारी फोडायची. मंगल पेडगावची, बागायतदाराच्या घरची, एसटीनं यायची, तोंडाला कुलूप नसलेली. ती बाई नव्हती की काय, असं मी एकदा विचारलं. मामांना तेव्हा खोकला आला.

तसंच सरसाचं. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक, पाण्यात भिजवून मंद आचेवर पातळ करायचा. वास असा की पहिल्या दिवशी मंगल नाकाला पदर लावून बाहेर पळाली. ढवळायचं काम माझ्याकडे आलं. कुणी नेमलं नाही, कुणी सांगितलं नाही. बाकीच्या सगळ्या बाजूला झाल्या आणि मी स्टोव्हसमोर एकटी उरले. मीही वाद घातला नाही. वास मला काही निराळा येत नव्हता, सगळ्यांना येतो तसाच येत होता. पण सहा महिन्यांत सरसाची गोष्ट मला इतकी कळू लागली की कुठला किती वेळात धरतो, पावसाळ्यात किती दाट ठेवायचा, हे मामाही मला विचारू लागले. एखाद्याला कमीपणाचं काम द्यायचं असेल तर आधी बघून घ्यावं की बाकीची सगळी कामं त्यावर अडून तर नाहीत.

मामा डोळ्यानं काम करणारे. त्यांनी केलेलं जहाज सुरेख असायचं, पण एक दुसऱ्यासारखं नसायचं. एकाचं नाक वर, एकाचं पोट मोठं, एक डावीकडे किंचित कललेलं. मुळेसाहेब कपाळाला हात लावायचे, "अहो मिस्त्री, सारखी पाहिजेत! कागदावर 'एकसारखे नग' असं आहे."

"साहेब, एका आईची लेकरं तरी सारखी असत्यात का?"

"आणि हे? हे तर पाण्यात टाकलं की आडवं होईल."

"शोकेसमधी कुठं पाणी असतंय, साहेब?"

मुळेसाहेबांनी ते जहाज मागच्या रांगेत ठेवलं. मी त्या संध्याकाळी घरी गेले, कोनाड्यातलं गेज काढून मांडीवर घेतलं आणि बघत बसले. आईनं विचारलं, "आता रूळ ठोकाया जायलीस का काय?" दुसऱ्या दिवशी फर्मा करायला घेतला. जुन्या दाराची सागवानी फळी घेतली, कारण जुनं लाकूड वाकायचं तेवढं वाकून झालेलं असतं. तिच्यावर मधोमध रेघ मारली आणि रेघेला काटकोनात सारख्या अंतरावर अकरा खाचा पाडल्या. अंतर मोजून नाही, एक लाकडी ठोकळा खाचेला लावून पुढची खूण करत, म्हणजे चूक झालीच तर सगळीकडे तीच होईल. खाचेत बरगडी पालथी बसवायची, बाजूला छोटी पाचर मारायची, कणा वरून ठेवायचा. बसला तर बसला. नाही बसला तर बरगडी चुकीची, फर्मा नाही. पहिले तीन फर्मे जळणात गेले. चौथ्यावर दोन जहाजं बांधली आणि शेजारी ठेवली. मंगल दोन्हींच्या नाकांवर एकदम बोटं ठेवून म्हणाली, "अगं बया, जुळी!"

मामांनी फर्मा उचलला, वास घेतला, खाली ठेवला. "हे काय हत्यार हाय का? पाटा-वरवंटा म्हण. याच्यावर कुणीबी करील मग." मी म्हटलं, "हो मामा, म्हणूनच केलाय." ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मुळेसाहेबांनी मात्र लगेच वर कळवलं की 'संस्थेने स्थानिक साधनांतून फर्मा विकसित केला आहे'. मग ते बारा जहाजं लिहून मोकळे झाले.

याच सुमारास औरंगाबादच्या निदेशक अभ्यासक्रमाचा फॉर्म आला. वर्षभराचं शिक्षण, नंतर कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवायची नोकरी. प्रत्येक केंद्रातून एकच नाव. फॉर्ममध्ये एक रकाना होता: उमेदवाराने स्वतः तयार केलेले साधन. मी लिहिलं: जहाजाचा फर्मा. खाली अधीक्षकांच्या सहीची जागा. मी फॉर्म मुळेसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तो तिथंच राहिला. विचारलं की म्हणायचे, "बघू. घाई काय आहे? तुम्हा लोकांना काय, जागा सगळीकडे राखीव आहेत." राखीव जागेवरसुद्धा आपोआप बसता येत नाही, त्यासाठी सही लागते, हे त्यांना माहीत होतं. अडचण रकान्याची होती. सही केली असती तर वर गेलेल्या पत्राचं काय? फॉर्म दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी औरंगाबादला हातोहात पोचायला हवा होता, नाहीतर गेला. आणि फॉर्म गेला तर मला आयुष्यात दुसरं काय मिळणार होतं हे मला स्वच्छ दिसत होतं: सोनपेठला आत्याच्या दिराचा मुलगा, किराणा दुकानातला, सज्जन. सज्जनपणाबद्दल माझी तक्रार नव्हती. मला तागडी धरायची नव्हती, एवढंच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद झाला. एसटी बंद, बाजार बंद, केंद्रही चार दिवस बंद. मंगलच्या वडिलांनी तिला आणखी दोन दिवस घरी ठेवलं. उघडल्यावर पहिल्याच दिवशी मुळेसाहेबांनी मला बोलावलं. "नऊच झालीत. बंद तुमच्या लोकांचा होता, दिवस आमचे गेले. आता कसं भरून काढायचं ते तूच सांग." मी म्हटलं, "फर्मा आहे, होतील." रोज एक जहाज निघत असे, पण ती नऊ रंगवण्यात आणि शिडं शिवण्यात दिवस गेले आणि शेवटच्या तिन्हींचे नुसते भाग कापून, रंगवून आणि शिडं शिवून तयार राहिली. जोडणी खंडेनवमीवर आली.

त्या सकाळी मी दार उघडलं आणि भिंत रिकामी. नुसत्या काळ्या आकृत्या: करवतीची, रंध्याची, पटाशीची. हत्यारं समोर पाटावर मांडलेली, प्रत्येकावर कुंकू, झेंडूचं फूल, मधोमध तो वाकस. मामा आदल्या दिवशी शेवटी निघाले होते, तेव्हाच माझ्याकडून किल्ली मागून घेऊन त्यांनी ही तयारी केली होती. पहाटे येऊन कुंकू लावलं, किल्ली माझ्यासाठी चौकटीवर ठेवली आणि आता ते माझ्या मागून येऊन उंबऱ्यावर बसले. "आज हत्यार हालायचं न्हाई," ते म्हणाले. "उद्या उत्तरपूजा झाल्यावर."

मुळेसाहेब आले, पाट पाहिला आणि मामांना काही बोलले नाहीत. त्यांच्याही ऑफिसात टाइपरायटरला हार घातलेला होता. ते माझ्याकडे वळले. मला आठवतं, त्या दिवशी ते मला पहिल्यांदा अहोजाहो करत होते. "तुमच्यात हे खंडेनवमी वगैरे नसतं ना?"

"नाही साहेब."

"मग तुमच्यात चालतं. तुम्ही करून टाका तीन जहाजं." आणि ते गेले.

मी पाटाकडे बघितलं. मामाही बघत होते. वर्षभर ज्या वाकसाला मला हात लावू दिला नव्हता, तो आता मी उचलला असता तर साहेबांचा हुकूम होता. मामांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. ती मला आवडली, हे कबूल करायला हवं. मग माझं लक्ष बाकड्याकडे गेलं. फर्मा तिथंच होता, धुळीत, कोरा. त्याला कुंकू लागलेलं नव्हतं. फूल नव्हतं. मामांनी त्याला हत्यार मानलंच नव्हतं ना!

"मामा," मी म्हटलं, "पाट तुमचा. मी त्यातलं काही घेत नाही. फर्मा घेते."

त्यांनी फर्म्याकडे एक नजर टाकली. "घे," म्हणाले. "त्यो काय... घे."

मी सरस चढवला. मंगल आली, तिला सगळं कळलं आणि ती दारातच अडकली. "मला घरी सांगितलंय, आज कशाला बी हात लावायचा न्हाई. पर दोरा बांधाया चालंल का? मामा, दोरा हत्यार हाय का?"

मामांनी विचार केला. "दोऱ्याला धार न्हाई. चालंल."

"आन् पॉलिश कागद?"

"कागद... कागदानं लाकूड खातंय. पर धार न्हाई. चालंल."

"सुई?"

"सुई शिंप्याची. शिंपी पुजतो. न्हाई चालायची."

"मग ब्लेड?" पट्ट्यांची टोकं कापायला मी बाबांच्या दाढीचं ब्लेड आणलं होतं.

"ब्लेड न्हाव्याचं," मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू वापर. तुमच्यात चालतंय."

अशी वाटणी झाली. बरगड्या खाचांत मी बसवल्या, पाचरी मी मारल्या, त्याही हातोडीनं नाही, लाकडाच्या ठोकळ्यानं. सरस मी लावला, ब्लेड मी चालवलं. मंगल पट्ट्या ताणून दोऱ्यानं बांधायची आणि वास आला की डोळे मिटायची, पण हात सोडत नव्हती. पहिलं जहाज दहापर्यंत उठलं. सरस धरला की ते फर्म्यावरून काढायचं, सुलटं करून मांडायचं आणि दुसरं चढवायचं. दुसऱ्याला मामा उंबऱ्यावरून आत सरकले. तिसऱ्याला ते बाकड्याजवळ उभे होते, हात पाठीमागे घट्ट धरून, आणि तोंडानं काम करत होते: "डावी पट्टी वर गेली. वर गेली म्हणतो ना! अगं दाब. अशी न्हाई, अंगठ्यानं. आता पाणी लाव, वाकू दे तिला. लय घाई बरी न्हाई... हां. हां, आता बसली." एकदा त्यांचा हात पुढे आलाच, मंगल ओरडली, "मामा, पाप!" आणि त्यांनी तो विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला.

दुपारी आम्ही डबे उघडले. माझ्या डब्यात धपाटे होते, आईनं नागपूरच्या प्रवासासाठी केलेल्यांतले. मंगलनं नेहमीप्रमाणे अर्धा उचलला आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "घरी सांगू नको." तिच्या घरी सांगायला मी कशाला जाणार होते, हे मी तिला कधीच विचारलं नाही. मामांनी डबा आणला नव्हता, उपास होता. त्यांनी धपाट्याकडे पाहिलं आणि फर्म्याकडे पाहिलं. "ही खाच," ते म्हणाले, "ही मधली, तू हाताच्या अंदाजानं पाडली का ठोकळा लावून?" मी म्हटलं, ठोकळा लावून. "बरं केलंस," ते म्हणाले. एवढंच. नंतर ते असंही म्हणाले की उद्या दसरा, ते काही घर सोडून टेंपोबरोबर औरंगाबादला जाणार नाहीत, साहेबांनी दुसरं कुणी बघावं.

पाच वाजता बारा जहाजं बाकड्यावर उभी होती. बाराही एकाच तोंडवळ्याची. पुढे चाळिशीत एका प्रशिक्षणासाठी मुंबईला गेले तेव्हा मी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि बंदरात खरी जहाजं पाहिली. गंजलेली, बोजड, एकालाही शीड नव्हतं. आमची जास्त जहाजासारखी दिसायची.

मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली नेहमीसारखी पिशवीत टाकली आणि साहेबांच्या टेबलावरच्या कागदांतून माझा फॉर्मही काढून घेतला. शिक्का त्यावर आठवड्यापूर्वीच बसला होता. आमचा कारकून न वाचता शिक्के मारायचा आणि त्याला लिहायचा कंटाळा असलेली सुट्ट्यांची यादी मी त्याला लिहून दिली होती. फक्त सही बाकी होती. घरी आई-बाबांची नागपूरची तयारी चालली होती. दीक्षाभूमीला आम्ही दरवर्षी जायचो. आईनं पांढरी साडी नेसली होती. "तू खरंच येत न्हाईस?"

"जहाजं आहेत."

"जहाजं!" आई म्हणाली, आणि त्या एका शब्दात माझ्या सगळ्या शिक्षणाचा हिशेब होता. बाबांनी पिशव्या उचलल्या. गाडीत चढताना त्यांनी विचारलं, "सही झाली का?" मी म्हटलं, उद्या होईल. "उद्या दसरा हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या पॅसेंजरनं परभणीला आले. केंद्राच्या फाटकात टेंपो उभा होता, चालक भोंगा वाजवत होता. मी केंद्रात गेले नाही. मागच्या बाजूला मुळेसाहेबांचं घर होतं, तिथं गेले. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, साहेब रेशमी धोतरात, कपाळाला गंध. मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "किल्ली आणलीस ना? तो माणूस केव्हाचा भोंगा वाजवतोय."

"आणलीय साहेब. ही सही राहिली होती." मी फॉर्म पुढे केला. "आणि मिस्त्रीमामा येत नाहीत म्हणाले. जहाजांबरोबर मी जाते. तिथं माझी मावशी आहे, आणि हा कागदही उद्या तिथंच द्यायचाय."

त्यांनी फॉर्म वाचला. त्या रकान्यावर थांबले. "पण हा फर्मा तर संस्थेचा आहे."

"संस्थेचाच आहे साहेब. केला कुणी, एवढंच विचारलंय त्यात."

बाहेर भोंगा वाजला. साहेबांनी आत देवघराकडे बोट दाखवलं. चौरंगावर त्यांची तिन्ही पेनं, दौत, ऑफिसची डायरी, सगळ्यांवर हळदकुंकू. "आज दसरा गं. पेन पूजेत आहे. परवा करू."

मी पिशवीतून माझं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. पलीकडून त्यांच्या बायकोनं सांगितलं, "अहो, करून टाका ना, तो भोंगा थांबेना झालाय." साहेबांनी पेनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दुसऱ्या मुठीत असलेल्या किल्लीकडे पाहिलं. वर्तमानपत्र मांडीवर घेऊन त्यांनी फॉर्म त्यावर ठेवला आणि सही केली. नेहमीपेक्षा लहान केली, पण केली.

शाई वाळेपर्यंत मी थांबले. मग किल्ली दिली. जहाजं गवतात गुंडाळून खोकी टेंपोत चढवून झाल्यावर मी चालकाच्या शेजारी जाऊन बसले, कुणी दुसरं नाव काढायच्या आत. त्यानं गाडी चालू केली आणि विचारलं, "ताई, मागं काय हाय? सांभाळून घ्यायचं का?"

"जहाजं," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. "मग खड्डे बघून चालवतो," म्हणाला, आणि आम्ही निघालो.